भावाच्या गाडीचे तेल

लांबासा गावात जुनी गाडी घेतलेला माणूस आधी आपापल्या देवाला नमस्कार करून येई, आणि तेथून थेट डाह्याभाईंच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन तोरिकाबाईंपुढे उभा राही. आमच्या बेटावरच्या बहुतेक गाड्या जपानातून जहाजाने येतात. दहाबारा वर्षे कोणा अपरिचिताने वापरलेल्या त्या गाडीचे पूर्वायुष्य घेणाऱ्याला ठाऊक नसते. दाराच्या कडेला जपानी लिपीतला एक लहानसा कागद चिकटवलेला असतो. शेवटचे तेल केव्हा घातले, कोणते घातले, याची ती नोंद असते. लोक तो नखाने खरवडून काढतात आणि त्या जागी हनुमान नाही तर येशू चिकटवतात. तोरिकाबाईंना जपानी येत नव्हते, पण आकडे वाचता येत होते. सव्वीस वर्षे त्या काउंटरमागे उभ्या होत्या आणि इंजिनात कोणते तेल घालावे या एका प्रश्नात गावाने त्यांचा शब्द अखेरचा मानला होता.

त्यांची विचारपूस वैद्याच्या धर्तीची असे. आधी गाडीचे साल, मग तिने कापलेले अंतर, मग रोजचा प्रवास लांबचा की बाजारापुरता.

"किती चालली आहे, काका?" त्यांनी एकदा रामसमुज नावाच्या ऊसवाल्याला माझ्यादेखत विचारले.

"घड्याळात ऐंशी हजार."

"घड्याळ राहू द्या. ब्रेकच्या पायदानाचं रबर कसं आहे?"

"मधोमध गुळगुळीत झालंय."

"मग दीड लाखाच्या खाली नाही. तुम्हाला गाडी विकणारा नातेवाईक होता का?"

"साडू."

"तरीच."

दुकानातले सगळे हसले. रामसमुजही हसला, आणि म्हणाला, "ते असू दे, बाई. मला आपलं वीस-पन्नास द्या. जाड. इथलं ऊन बघता ना?"

"ऊन गाडीच्या टपाला लागतं. डब्यावरचा पहिला आकडा सकाळचा, दुसरा दुपारचा. सकाळी उठल्याउठल्या कोणी तुमच्या तोंडात काकवी ओतली तर घशाखाली उतरेल का?"

"मला काकवी आवडते."

"तुम्हाला आवडते हो. तुमच्या इंजिनाच्या नळ्या केसासारख्या आहेत, त्यांना नाही आवडत. हे घ्या, शून्य-वीस."

"हे तर पाणी आहे!"

"पाणी नाही. न्या, आणि साडूला सांगू नका, तो हसेल."

ऊस वाहणाऱ्या जुन्या लॉऱ्यांना वीस-पन्नास हेच योग्य. त्यांचे अंतरंग ढिले आणि प्रशस्त असते, तेथे पातळ तेल टिकत नाही. आमच्याकडच्या पुरुषांची उमर त्या लॉऱ्यांवर गेलेली, म्हणून जाड तेल म्हणजे सकस तेल अशी त्यांची श्रद्धा बसली आहे. नव्या घडणीचे जपानी इंजिन या श्रद्धेला बळी पडते. सकाळी चालू करताच जाड तेल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तेवढे क्षण आतली साखळी कोरडी खडखडते. मालकाला वाटते, तेल पातळ पडले. तो आणखी जाड घालतो.

तोरिकाबाईंचा भाऊ इनोके याची गाडी अशीच हळूहळू मरू लागली होती, आणि तोरिकाबाई ते काउंटरमागून पाहत होत्या.

इनोके त्यांच्या थोरल्या काकांचा मुलगा. त्यांच्या, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांच्या, समाजात काकांचा मुलगा हा भाऊच असतो, चुलत वगैरे भेद तेथे नाही. दोघे ड्रेकेतीच्या वाटेवर एकाच घरात वाढले. दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत नदीत एकत्र डुंबले, आणि मग रीतीप्रमाणे एकमेकांशी बोलायचे थांबले. वयात आलेल्या बहीणभावांनी परस्परांशी थेट बोलू नये, एका चटईवर बसू नये, एकाच्या हातातली वस्तू दुसऱ्याने हातात घेऊ नये. यात वैर नाही. माणसाला जे सर्वांत मौल्यवान वाटते ते तो जसा हाताळत नाही, तसे हे आहे. भाऊ पुढच्या दाराने आत आला की तोरिकाबाई मागच्या दाराने बाहेर पडत, आणि त्याच्या वाट्याचे कंद झाकून ठेवलेले असत.

बोलणे मग मधल्या माणसाकडून होई. तोरिकाबाईंचा नवरा शांतिसेनेत लेबनॉनला गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून राहिला. तो असता तर मेहुणा म्हणून त्याला इनोकेची यथेच्छ टिंगल करता आली असती आणि निरोपही देता आले असते. तो नव्हता. पण इनोकेची बायको वासिती होती. वासिती आरोग्यकेंद्रात परिचारिका. नणंद-भावजयींना तेथेही जिभेला मुभा आहे, आणि या दोघींनी ती पुरेपूर वापरली. गाडी वासितीची, तिने स्वतःच्या भविष्यनिधीतून घेतलेली, सात माणसांची. तेलाला तीच येई.

"काय गं जाडे," दारातूनच ती हाक मारी, "तेल विकून विकून तूच तेलाच्या पिंपासारखी दिसायला लागलीस."

"आणि तू सुई टोचून टोचून सुईसारखी. माझ्या भावाला जेवायला घालतेस का?"

"तुझा भाऊ दोघांचं खातो. त्याला काय सांगू?"

"सांग, पाठीचा एक्स-रे काढ म्हणावं. लॉरीत बसून वाकलाय."

"सांगते. पण तो ऐकेल असं सांगत नाही."

आणि ती शून्य-वीसचा डबा घेऊन जाई. मागच्या आवारात अप्पलसामी मिस्त्री तेल बदलून देई. इनोके लॉरीवर असे. बायकोच्या गाडीत काय ओतले जाते हे त्याने कधी पाहिले नाही.

मार्चच्या पुरानंतर वासितीला ताप आला. उंदरांमुळे पुराच्या पाण्यातून पसरणारा तो ताप. असे कितीतरी रोगी तिने स्वतः तपासून रुग्णालयात धाडले होते. सहाव्या दिवशी ती गेली. तोरिकाबाई बायकांच्या बाजूला, अंत्यविधीला भेट आलेल्या चटयांच्या थप्पीशी चार दिवस बसल्या होत्या. रडल्याचे कोणाला आठवत नाही. पाचव्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि ब्रेकच्या पट्ट्यांची आलेली खोकी मोजून फळीवर लावू लागल्या. डाह्याभाई म्हणाले, "बेन, आठवडाभर घरी राहा." त्या म्हणाल्या, "घरी काय करू?"

इनोकेने शंभर रात्रींचे सुतक धरले. दाढी केली नाही, यांगोना हे मुळ्यांचे गुंगी आणणारे पेय घेतले नाही, गावाबाहेर गेला नाही. लॉरीच्या मालकाने दुसरा चालक ठेवला. वासितीची गाडी नीरफणसाच्या झाडाखाली पाने अंगावर घेत उभी राहिली. शंभर रात्री संपल्यावर इनोकेपाशी दोनच गोष्टी उरल्या होत्या, घोटलेली हनुवटी आणि ती गाडी. बाजाराच्या बायका व त्यांच्या भाजीच्या टोपल्या पहाटे लांबाशाला पोहोचवायचे काम त्याने धरले. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, आणि पन्नाशीच्या माणसाला कोणी पुन्हा लॉरीवर बसवणार नव्हते. ही गाडी थांबली असती तर इनोकेही थांबला असता.

जुलैत तो दुकानात आला. तोरिकाबाईंनी नजर खाली घेतली, त्यानेही घेतली. तो फळीपाशी गेला आणि उमरभर लॉरीसाठी घेत आलेला वीस-पन्नासचा डबा उचलून त्याने काउंटरवर ठेवला. बाईंनी पावती लिहिली. डबा पिशवीत घालून पिशवी काउंटरवर ठेवली. त्याने ती उचलली. तो गेल्यावर त्या दारापर्यंत गेल्या आणि गाडी चालू होताना ऐकत राहिल्या. मग परत येऊन पुढच्या गिऱ्हाइकाला स्पार्क प्लग दाखवू लागल्या.

या प्रसंगाविषयी त्या मला पुढे म्हणाल्या, "मला काहीच वाटलं नाही हो, मास्तर. काहीतरी वाटायला हवं होतं. हात नुसता पावती लिहीत होता."

सप्टेंबरात तो पुन्हा आला. या वेळी वीस-पन्नासच्या जोडीला जाडपणा वाढवणाऱ्या टॉनिकची बाटली होती. गाडी बाहेर सुरू झाली तेव्हा साखळीची खडखड दुकानात ऐकू आली. ती थांबेपर्यंत बाईंनी मनातल्या मनात आकडे मोजले, तीन. जुलैत एकही नव्हता.

त्या दिवशी दुपारी त्या मागच्या आवारात गेल्या. अप्पलसामी रोटी आणि डब्यातली मासळी खात बसला होता.

"अप्पा, माझ्या भावाला सांगशील? म्हणावं, शून्य-वीस घाल."

"तुमचं नाव सांगू?"

"नाही. मी चारचौघांत भावाची चूक काढली असं होईल. तू तुझं म्हणून सांग."

"माझं म्हणून?" अप्पलसामीने बोटे चाटली. "ताई, माझं म्हणून माझी बायको ऐकत नाही."

तरी त्याने सांगितले. बाजाराच्या पलीकडे इनोके टोपल्या उतरवीत होता. अप्पलसामीने इंजिनाकडे कान लावल्यासारखे केले आणि म्हणाला, "इनोकेभाऊ, साखळी वाजतेय. पातळ तेल घाला."

"वाजतेय म्हणजे तेल पातळ झालंय," इनोके म्हणाला. "तू तुझ्या मालकाचं महाग तेल खपवतोस होय?"

"माझा मालक दोन्ही विकतो."

"तीस वर्षं लॉरी चालवली मी. एकदा तरी बंद पडली?"

"लॉरी होती ती."

"इंजिन ते इंजिन, अप्पा. टोपली धर."

अप्पलसामीने टोपली धरली, उतरवली, आणि परत येऊन बाईंना म्हणाला, "टोपलीत वीस किलो वांगी होती. तेवढंच काय ते मला पटवून देता आलं."

दूताच्या शब्दाला वजन येते ते पाठवणाऱ्याच्या नावाने, हे जुन्या नीतिकारांनी जाणले होते. येथे निरोप होता आणि त्याला नाव नव्हते. वासिती असती तर नुसते "जाडी म्हणतेय" एवढे म्हणून भागले असते.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी इनोके तिसऱ्यांदा आला. दुकानात सातआठ माणसे होती, त्यांत त्यांच्याच गावाकडच्या दोन बायका. त्याने वीस-पन्नासकडे पाहिले, ते सोडून दिले आणि खालच्या फळीवरून एकाच आकड्याचा, नुसत्या पन्नासचा डबा काढला. ते जुन्या ट्रॅक्टरांचे तेल. त्याने तो काउंटरवर ठेवला आणि खिशात हात घातला.

तोरिकाबाईंनी पावतीपुस्तक उघडले. मग मिटले. आणि मान वर करून, चाळीस वर्षांत प्रथमच, भावाकडे पाहून म्हणाल्या, "हे घालू नकोस. गाडी मरेल."

त्या दोघींपैकी एकीने तोंडावर हात ठेवला. डाह्याभाईंना वर्षानुवर्षे येथे राहून काय घडले ते कळत होते. ते उगाच टेबलावरचे कागद सारखे करू लागले. इनोकेने नजर जमिनीवरून उचलली नाही. त्याने डबा उचलला, फळीवर जेथल्या तेथे ठेवला, नाव दिसेल असा सरळ केला, आणि काही न घेता निघून गेला.

त्या रविवारी चर्चमध्ये बाई मागच्या बाकावर बसल्या. त्यांच्याशी कोणी वाईट वागले नाही. एका म्हातारीने एवढेच विचारले, "खरंच बोललीस गं? तोंडावर?"

"बोलले."

"काय म्हणालीस?"

"तेलाविषयी."

"तेलाविषयी," म्हातारीने मान हलवली. "मला वाटलं, कोणाचं लग्न मोडायचं असेल."

तीन शनिवार गेले. इनोके बाजारात दिसला नाही. टोपलीवाल्या बायका बसने येऊ लागल्या. त्यांच्याकडून कळले की गाडी त्या शुक्रवारपासून झाडाखाली उभी आहे; त्याने तिला हातही लावलेला नाही. बहिणीने थेट उच्चारलेला शब्द मोडावा तर मर्यादाभंग, पाळावा तर पुढे काय करावे ते ठाऊक नाही, आणि विचारणार कोणाला?

रीत मोडली तर क्षमा मागण्याचीही रीत आहे. चौथ्या शनिवारी तोरिकाबाईंनी यांगोनाच्या मुळ्यांची एक जुडी घेतली, शून्य-वीसचा एक डबा आणि एक नवा फिल्टर पिशवीत घातला आणि बस धरली. गावी रुसिआतेआजोबा होते, दोघांचेही आजोबा लागणारे, वय ऐंशीच्या वर. असे प्रसंग शब्दांत मांडण्याचा मान त्यांचा. इनोकेच्या घरात चटया अंथरल्या. इनोके आतल्या भिंतीशी बसला. बाई दाराशी, दुसऱ्या चटईवर, तोंड बाजूला करून. आजोबा मध्ये.

त्यांनी जुडी पुढे ठेवली. पूर्वजांची नावे, नदीचे नाव, दोन्ही घरांचा एकच चुलखंड, असे सगळे संथ स्वरात सांगून बहिणीच्या जिभेला क्षमा मागितली. इनोकेने जुडीला हात लावला. ओंजळीने टाळ्या वाजल्या. क्षमा झाली.

मग बाईंनी पिशवी पुढे सरकवली.

"हे काय?" आजोबांनी डबा वर धरला. "मासळीचं तेल?"

"गाडीचं."

"याच्यापुढं काय म्हणायचं? देवमाशाचा दात भेट ठेवताना म्हणतात ते मला येतं, चटया ठेवतानाचं येतं. तेलाचं मला कोणी शिकवलं नाही."

"काही म्हणू नका, आजोबा."

"मुकाट्यानं ठेवायला मी काय हमाल आहे?" ते पुटपुटले, आणि जुडीचेच चार शब्द म्हणून त्यांनी डबा ठेवला.

इनोकेने तो जवळ ओढला, हलवून पाहिला. आतले तेल पाण्यासारखे डचमळले.

"आजोबा, विचारा," तो म्हणाला, "हे इतकं पातळ. टिकेल का?"

"तोरिका, तो म्हणतो—"

"ऐकलं मी."

"तू ऐकायचं नसतं. मी सांगायचं असतं. तो म्हणतो, पातळ आहे. टिकेल का?"

"म्हणावं, गाडी घडवली तेव्हा हेच घालायचं ठरलंय. आधी आतलं सगळं काढ. फिल्टर बदल. हे घालून पाचशे किलोमीटर चालव, मग पुन्हा काढ आणि नवं घाल. टॉनिक पुन्हा घालू नकोस."

आजोबांनी डोळे मिटले आणि क्षमेच्याच सुरात ते सारे इनोकेपुढे म्हटले. फिल्टरपाशी अडखळले, पण टॉनिकच्या निषेधाला त्यांनी मूळ वाक्यापेक्षा अधिक जोर दिला.

"विचारा," इनोके म्हणाला, "वासिती कुठलं न्यायची?"

आजोबा वळले. बाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "हेच."

आजोबांनी ते इकडे सांगितले. इनोके डब्यावरच्या आकड्यांवरून अंगठा फिरवीत राहिला. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होते.

"मग चार महिने मी तिच्या गाडीत काय ओतत होतो?" तो म्हणाला.

आजोबा एकदा त्याच्याकडे, एकदा दाराकडे पाहू लागले. "हे तिला विचारायचं आहे, की नुसतं म्हणायचं आहे?"

"नुसतं म्हणायचं आहे."

"बरं," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी ते पुढे सांगितले नाही.

या सगळ्यात लांबाशाची शेवटची बस निघून गेली. इनोके उठला, गाडीखाली पसरट भांडे सरकवून त्याने जुने तेल काढले. ते सावकाश उतरत होते, दोरीसारखे. फिल्टर बदलला, डबा रिता केला, गाडी सुरू केली. खडखड झाली. बाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून मोजत होत्या. तीन. त्याने गाडी बंद केली, थोडी थांबून पुन्हा सुरू केली. दोन. त्यापुढे ती उतरली नाही. झिजलेले भरून येत नसते, एवढे त्यांना माहीत होते.

बहिणीला अंधाराआधी घरी पोहोचवणे भाग होते, आणि दोघांनीच एका गाडीत बसणे शक्य नव्हते. म्हणून आजोबांना पुढे बसवले. बाई सर्वांत मागच्या आसनावर बसल्या, मधली रांग रिकामी ठेवून. वाट दीड तासाची होती. आजोबा सीकाका गावाजवळ झोपले आणि पुलावर जागे झाले. उसाची शेते सरत राहिली. इंजिन चालत होते, आणि बाई ते ऐकत होत्या. दुसरे काही वाटत होते का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही. इंजिनच ऐकत होते."

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. बाई उतरल्या. आजोबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"काही सांगायचं आहे का त्याला?"

"पाचशे किलोमीटरनं बदल म्हणावं. विसरू नकोस म्हणावं."

आजोबा आत वळले आणि, दोन हातांच्या अंतरावर बसून सारे ऐकलेल्या इनोकेला, त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. इनोकेने ते सगळे ऐकून घेतले आणि मगच गाडी वळवली.